थेट द्वितीय वर्षाला

गेल्या वेळी मी पुण्याला गेले तेव्हा जुलै संपत आला होता आणि सिंहगड रस्त्यावरच्या माझ्या धाकट्या बहिणीच्या घरातला सगळा कारभार भाच्याच्या ऑप्शन फॉर्मभोवती फिरत होता. सीईटीच्या निकालपत्रावर पर्सेंटाइल दशांशचिन्हानंतर सात अंकांपर्यंत छापतात, हे मी प्रथमच पाहिले. मेहुण्यांनी आदल्या वर्षीच्या कटऑफच्या याद्या छापून आणल्या होत्या आणि त्यांवर तीन रंगांच्या पेनांनी खुणा केल्या होत्या. कॉम्प्युटर हिरव्याने, आयटी आणि एआय निळ्याने, आणि 'अगदीच काही नाही मिळाले तर' या सदरातले मेकॅनिकल व सिव्हिल लाल पेनाने. पहिल्या फेरीत पहिलाच पसंतिक्रम मिळाला तर तो घ्यावा लागतो, म्हणून पहिल्या ओळीत काय लिहायचे यावर दोन रात्री खल झाला. ज्याच्या नावाने हे सारे चालले होते तो कोपऱ्यात बसून होता. मध्येच त्याने विचारले, "मावशी, तुला सीईटीत किती होते?" मी सीईटी दिलीच नव्हती, हे ऐकून त्याला आधी गंमत वाटली आणि मग बहुधा थोडी दया आली.

वडिलांची चिंचवडची कंपनी बंद पडली त्या वर्षी मी दहावीत होते. अकरावी-बारावी, क्लास, मग चार वर्षे इंजिनिअरिंग, एवढा लांबचा हिशेब घरात कोणाला मांडता येईना. तीन वर्षांत हातात काहीतरी पडेल म्हणून मी मेकॅनिकलच्या डिप्लोमाला गेले आणि तो चांगल्या गुणांनी संपल्यावर पदवीच्या थेट द्वितीय वर्षाला प्रवेश घेतला. ज्यांनी ही वाट चालली आहे त्यांना पुढचे सांगायला नको. वर्गात आमचा बाक वेगळा, ओळख 'डिप्लोमावाले', आणि समोर एम-थ्रीचा, म्हणजे इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या गणिताचा, डोंगर. बारावीच्या मुलांनी दोन वर्षे घोटलेले कॅल्क्युलस आम्ही डिप्लोमाला वरवर केलेले असते आणि येथे पहिल्याच महिन्यात लाप्लास ट्रान्सफॉर्म येऊन उभे राहते. याउलट वर्कशॉपमध्ये बाकीचे फाइल कशी धरायची ते शिकत असत तेव्हा आमचा जॉब तयार असे, पण त्याचे कौतुक कोणी करीत नसे. एम-थ्रीत मी पहिल्या खेपेस नापास झाले. एका प्राध्यापकांनी सर्वांसमोर म्हटले की दारातून न येता खिडकीतून आलात तर असेच होणार.

मी २०११ पासून जर्मनीत, श्टुटगार्टजवळ राहते, यंत्रांच्या चाचणीचे काम करते. पुण्यातल्या वर्तमानपत्रांत उच्च शिक्षणावर जे वाद झडतात ते मी येथून वाचत असते, आणि त्या वादांत माझ्या मते एक प्रश्न जवळजवळ गैरहजर असतो. प्रवेशाच्या फेऱ्या किती असाव्यात, जागा किती वाढवाव्यात, कोणत्या शाखेच्या रिकाम्या राहिल्या, शुल्क कोणी भरायचे, परीक्षा वर्णनात्मक असावी की बहुपर्यायी, हे सगळे प्रश्न दारावरच्या गर्दीचे आहेत. दार एकदा चुकलेल्याने, किंवा पंचविसाव्या वर्षी आपण भलत्याच दारात उभे आहोत हे उमगलेल्याने काय करायचे, याची चर्चा फारशी होत नाही.

परदेशातून असे काही लिहिले की वाचकाला पुढचे वाक्य आधीच ठाऊक असते, 'आमच्याकडे जर्मनीत बघा'. म्हणून जर्मनीची काळी बाजू आधी सांगते, कारण ती मी माझ्या मुलीच्या निमित्ताने सोसली आहे. येथे बहुतेक राज्यांत चौथीनंतर, म्हणजे दहाव्या वर्षी, मुलांची विभागणी होते. कोणी विद्यापीठाकडे नेणाऱ्या गिम्नाझियुममध्ये जायचे, कोणी रेआलशूलमध्ये आणि कोणी त्याहून खालच्या मानल्या जाणाऱ्या शाळेत, याची शिफारस शाळा करते. आमच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्यात २०१२ पासून बारा वर्षे ती शिफारस पालकांवर बंधनकारक नव्हती. आता गिम्नाझियुमसाठी नियम पुन्हा कडक झाले असून २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये चौथीच्या मुलांची त्यासाठी चाचणी झाली. तिच्यातला गणिताचा पेपर असा निघाला की जेमतेम ६ टक्के मुले गिम्नाझियुमच्या पातळीला पोचली आणि राज्यभर ओरड झाली. सतराव्या वर्षी सीईटी देणाऱ्या भाच्याची मला कीव येते खरी, पण दहाव्या वर्षी ज्यांच्या दप्तरावर चिठ्ठी चिकटते त्यांची अधिक येते. घरात जर्मन न बोलणाऱ्या मुलांच्या वाट्याला ती चिठ्ठी बऱ्याचदा वाईट येते, हे येथे कोणी नाकारत नाही.

माझ्या विभागाचे प्रमुख तुर्की आईबापांच्या पोटी येथेच जन्मले. दहाव्या वर्षी शाळेने त्यांना सर्वांत खालच्या शाळेत पाठवले. सोळाव्या वर्षी ते एका कारखान्यात शिकाऊ उमेदवार म्हणून लागले, साडेतीन वर्षांनी यंत्रकारागीर झाले, मग संध्याकाळचे वर्ग करून माइस्टर, म्हणजे प्रमाणित उस्ताद कारागीर, आणि एकतिसाव्या वर्षी, दोन मुले पदरात असताना, अभियांत्रिकीच्या पदवीला बसले. आज त्यांच्या हाताखाली जे चौदा अभियंते आहेत त्यांतले बहुतेक सरळ गिम्नाझियुममधून आलेले आहेत. त्यांना मी एकदा म्हटले की तुमच्या देशात वाट तरी आहे. ते म्हणाले, "वाट होती, पण ती आहे हे मला सांगायला कोणी नव्हते. त्यात माझी वीस वर्षे गेली."

तरीही ती वाट होती, आणि ती कशी बांधली आहे हे पाहण्यासारखे आहे. येथे उमेदवारी शिक्षणाचे तीनशेहून अधिक मान्य व्यवसाय आहेत. उमेदवार आठवड्यातले काही दिवस कारखान्यात, दुकानात किंवा कचेरीत काम करतो आणि एक-दोन दिवस सरकारी व्यवसायशाळेत जातो. त्याला कायद्याने ठरवलेले किमान विद्यावेतन मिळते. २०२५ मध्ये सुरुवात करणाऱ्याला पहिल्या वर्षी ते महिना ६८२ युरो होते आणि मोठ्या कारखान्यांत याहून बरेच अधिक असते. मला महत्त्वाची वाटते ती परीक्षा. ज्या कंपनीत तो राबला ती कंपनी परीक्षा घेत नाही. ती उद्योग मंडळ घेते, परीक्षक मंडळात मालकांचे आणि कामगारांचे प्रतिनिधी सारख्या संख्येने असतात, शिवाय व्यवसायशाळेचा शिक्षक असतो, आणि प्रमाणपत्र देशभर चालते. त्यापुढची माइस्टर ही पात्रता देशाच्या पात्रता आराखड्यात पदवीच्याच पातळीवर ठेवलेली आहे आणि २००९ च्या राज्यांच्या एकत्रित निर्णयापासून माइस्टरला बारावीसमान परीक्षेशिवाय विद्यापीठाचे दार उघडे आहे. रूढ रस्ता चुकलेल्यांच्या या मार्गाला जर्मनमध्ये 'तिसरा शिक्षणमार्ग' असे नाव आहे. आपल्याकडे त्याला खिडकी म्हणतात. अर्थात हा मार्गही सर्वांना तारत नाही. वीस ते चौतीस वयोगटातल्या साधारण पाचांपैकी एका तरुणाकडे येथे कोणतीच व्यावसायिक पात्रता नाही.

आता पुण्याकडे वळते, आणि त्यासाठी माझ्याच घराची लाज सांगावी लागेल. सदाशिव पेठेतल्या आमच्या आत्याने वाड्याच्या जागी मिळालेला फ्लॅट गेली कित्येक वर्षे 'कॉट बेसिस'वर दिला आहे. दोन खोल्या, आठ कॉट, प्रत्येक कॉटखाली एक ट्रंक आणि भिंतीवर महाराष्ट्राचा नकाशा. मुले बीड, लातूर, नांदेड, परभणीकडची, स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी आहेत. सकाळी सहाला अभ्यासिकेत जातात, दुपारी मेसवर जेवतात आणि रात्री अकराला परततात. त्यांतला सर्वांत जुना तेहतीस वर्षांचा आहे. कृषी पदवीधर असून सहा वर्षांपासून त्याच कॉटवर आहे. दोनदा पूर्वपरीक्षा उत्तीर्ण झाला, एकदा मुख्य परीक्षेत थोडक्यात राहिला. मी त्याला विचारले, अजून किती दिवस? तो हसून म्हणाला, "ताई, अडतीसपर्यंत चालतं." राज्यसेवेसाठी खुल्या प्रवर्गाची वयोमर्यादा ३८ आहे आणि मागासवर्गीयांसाठी ४३. ती वाढवली तेव्हा तो दिलासा म्हणून स्वागतार्ह ठरला होता. तेहतीस वर्षांच्या माणसाच्या तोंडून तो आकडा ऐकताना मला वाटले की रांग पुढे सरकत नाही म्हणून आपण मंडप वाढवला.

या मुलांच्या मागण्या मी चुकीच्या मानत नाही. मुख्य परीक्षेचा वर्णनात्मक नमुना त्यांनी २०२३ मध्ये पुण्यात रस्त्यावर बसून २०२५ पर्यंत पुढे ढकलायला लावला. ऑगस्ट २०२४ मध्ये राज्यसेवेची पूर्वपरीक्षा आणि बँकांची परीक्षा एकाच दिवशी आली तेव्हा शास्त्री रस्त्यावर रात्रभर ठिय्या दिला आणि तारीख बदलून घेतली. लाखो अर्ज आणि काहीशे जागा असा व्यवहार असताना प्रत्येक तारखेसाठी झगडावे लागणारच. पण रस्त्यावर उतरण्याची एवढी ताकद असलेल्या तरुणांनी, सहा वर्षांत आम्ही जो इतिहास, अर्थशास्त्र, राज्यघटना आणि कायदा शिकलो त्याचे कोठेतरी श्रेय द्या, असे एकदाही मागितल्याचे माझ्या वाचनात नाही. शिकलेल्याचे श्रेयांक साठवून पुढे वापरता येतील अशा श्रेयांकांच्या बँकेची सोय २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर झाली आहे. त्या बँकेत अभ्यासिकेतली सहा वर्षे जमा होत नाहीत. कृषी पदवीधर तेहतिसाव्या वर्षी शेतमालाच्या प्रक्रियेकडे वळू पाहील तर कंपनी त्याला विचारणार, मधली वर्षे कुठे होतात? त्याला द्यायला उत्तर आहे, पण दाखवायला कागद नाही.

कागदावर तर महाराष्ट्रातही जिना आहे, आणि तो जर्मनीइतकाच उंच आहे. दहावीनंतर आयटीआय, तेथून डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला, तेथून पदवीच्या थेट द्वितीय वर्षाला. नोकरी करणाऱ्यांसाठी सोयीच्या वेळेत पदवी देण्याची परवानगी तंत्रशिक्षण परिषदेने २०२३-२४ पासून दिली आहे. औंधच्या आयटीआयमधून निघालेला फिटर या जिन्याने इंजिनिअर होऊ शकतो. प्रत्यक्षात पायऱ्यांमधली अंतरे कोणी भरत नाही. एम-थ्रीच्या आधी डिप्लोमाच्या मुलांना सहा आठवडे गणित शिकवायला किती खर्च येतो? माझ्या वेळी तसा वर्ग नव्हता, आणि असता तर तो 'कच्च्या मुलांचा' म्हणून ओळखला गेला असता.

उमेदवारीचे तर आपण हसेच करून घेतले. शिकाऊ उमेदवारांचा कायदा आपल्याकडे १९६१ पासून आहे. चाकण-रांजणगावला 'नीम ट्रेनी', म्हणजे तंत्रशिक्षण परिषदेच्या 'नीम' योजनेतला शिकाऊ, हा शब्द मात्र एका पिढीने वेगळ्याच अर्थाने ऐकला. शिका आणि कमवा या नावाखाली मुले असेंब्ली लाइनवर उभी राहिली, पुष्कळ ठिकाणी एकच नट आवळत, आणि मुदत संपल्यावर दुसरी बॅच आली. ती योजना पुढे बंद झाली. ज्या औद्योगिक पट्ट्यात जर्मन कंपन्यांचे एवढे कारखाने आहेत तेथे त्यांच्या मायदेशातली परीक्षेची शिस्त मात्र अगदी थोड्या ठिकाणी आली.

याच संदर्भात फेब्रुवारी २०२४ मधला करार मला पुन्हा पुन्हा आठवतो. महाराष्ट्र शासनाने माझ्या या राज्याशी, बाडेन-वुर्टेमबर्गशी, कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला आणि सुरुवातीचा आकडा १०,००० जाहीर झाला. परिचारिका, इलेक्ट्रिशियन, प्लंबर, चालक अशा लोकांना जर्मन शिकवायचे आणि येथे पाठवायचे. पुण्यातल्या माझ्या मैत्रिणींच्या गटात यावर दोन तट पडले. एकीच्या मते ही सोन्यासारखी संधी आणि दुसरीच्या मते आपली माणसे विकणे. मला दोन्ही पटत नाही. येथे आलेल्या इलेक्ट्रिशियनच्या आयटीआय प्रमाणपत्राची येथल्या साडेतीन वर्षांच्या शिक्षणाशी ओळीने ओळ तुलना होते आणि जे कमी असेल ते भरून काढायला सांगतात. म्हणजे त्याला काय येते आणि काय येत नाही हे त्याला पहिल्यांदा कोणी लिहून दिले, तर ते परक्या राज्यातल्या कचेरीने. हे काम औंधला का होऊ नये?

मुलींच्या शुल्कमाफीबद्दल एवढेच लिहिते की जुलै २०२४ चा तो निर्णय मला मनापासून आवडला. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींचे शिक्षण आणि परीक्षा शुल्क त्याने पूर्ण माफ केले. पण पुण्यात मुलगी ठेवायची म्हणजे खोली आणि मेसही आली, आणि बऱ्याच घरांत निर्णय त्या आकड्यापाशी अडतो. अच्युत शंकर आपटे यांनी १९५५ मध्ये पुण्यात विद्यार्थी सहाय्यक समिती काढली ती नेमकी हीच अडचण ओळखून. खेड्यातल्या मुलाला कॉलेजच्या शुल्काइतकीच राहण्या-जेवण्याची भीती असते.

याच शहरातल्या जोतीराव फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन केले होते की सरकारचा महसूल रयतेच्या घामाचा आणि उच्च शिक्षणाचा लाभ वरच्या वर्गांचा. तेव्हा प्रश्न आत कोण येतो हा होता आणि तो अजून पुरता सुटलेला नाही, याची मला जाणीव आहे. आरक्षण, शुल्कमाफी, फेऱ्या यांवरची भांडणे फिजूल आहेत असे कोणी या लेखातून काढू नये. आमच्या आत्याच्या कॉटवरचा मुलगा आत आला तो त्याच भांडणांमुळे.

भाच्याला दुसऱ्या फेरीत लाल पेनाचे मेकॅनिकल मिळाले. मेहुणे दोन दिवस गप्प होते. त्यानंतर एकदा बहिणीचा फोन आला, आणि तिच्या हातून फोन घेऊन तो दुसऱ्या खोलीत गेला. वर्गात डिप्लोमाची काही मुले पुढच्या वर्षी येणार आहेत म्हणतात, ती वर्कशॉपमध्ये फार पुढे असतात का, असे तो विचारत होता. मी म्हटले, असतात, त्यांच्याशी ओळख कर, त्यांना गणित सांग आणि त्यांच्याकडून फाइल धरायला शीक. थोडा वेळ थांबून त्याने विचारले, "आणि मावशी, एम-थ्रीत तुला खरंच किती मिळाले होते?"

मी त्याला पहिल्या खेपेचे सांगितले, एकवीस.