अंधारून आलं, हे इंग्रजीत कसं सांगाल?

राज्यात 2000 सालापासून पहिलीतच इंग्रजी आलं, तरी मुलांना मराठी माध्यमात घालायचं की इंग्रजी, हा वाद घराघरांत चालूच आहे. इथे ब्रिटनमध्ये आपली माणसं अडखळतात ती हवापाण्याच्या साध्या गप्पांत, आणि त्यात दोन्ही माध्यमांतली असतात.

'पाऊस येतोय'चं 'रेन इज कमिंग' केलं की ऐकणारा समजतो, अजून यायचाय. बाहेर तर धारा लागलेल्या. पडत असेल तर 'इट्स रेनिंग'. कोसळत असेल तर 'इट्स टिपिंग डाउन' किंवा 'चकिंग इट डाउन'. या दुसऱ्यातला मधला 'इट' गाळायचा नाही. दोन्ही बोलण्यातले, ऑफिसच्या पत्रात नकोत. ओसरत्या पावसाच्या तर पायऱ्याच आहेत. 'ईझ ऑफ' म्हणजे जोर कमी झाला, पडणं चालूच. 'ब्रायटन अप' म्हणजे उजेड आला, पण सर पुन्हा येऊ शकते. खरी उघडीप 'क्लिअर अप'ला. 'सेट इन' म्हटलं की झड लागली समजा. 'लेट अप' बहुधा नकारातच ऐकू येतं: 'इट हॅझन्ट लेट अप', पावसाला खळ नाही.

हे समजायला लागणारं व्याकरण मराठी शाळेत शिकवलेलंच असतं. 'उजाडलं', 'सांजावलं' ही भावकर्तृक क्रियापदं, त्यांना वेगळा कर्ता लागत नाही. इंग्रजीला ती जागा रिकामी चालत नाही, म्हणून तिथे 'इट' बसतो. 'आभाळ भरून आलं' यात 'येणं' जे काम करतं, तेच 'इट्स क्लाउडेड ओव्हर'मध्ये 'ओव्हर' करतं. म्हणून मराठी माध्यम इंग्रजीच्या आड येतं, हे मला अजिबात पटत नाही. शिक्षकांनी ही दोन वाक्यं फळ्यावर शेजारी शेजारी लिहावीत.

अंधाराचंही तसंच. आज अंधार पडू लागला तर 'इट्स गेटिंग डार्क'. 'नाइट फॉल्स' हे पुस्तकी. 'द नाइट्स आर ड्रॉइंग इन' म्हणजे दिवस लहान होत चाललेत. हे सप्टेंबरपासून कानावर पडतं. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर मागे जातात आणि डिसेंबरात लंडनला चारच्या आधीच सूर्य मावळतो. जानेवारी उलटताना 'ड्रॉइंग आउट' सुरू होतं. आपल्या 'दिवेलागणी'ला मात्र एका शब्दात जोड मिळत नाही. 'इट्स गेटिंग डार्क, पुट द लाइट्स ऑन' असं दोन तुकड्यांतच सांगावं लागतं.