लेन किफिन आणि फॉरवर्ड झालेली गुरुपरंपरा

गेल्या आठवड्यात सांगलीहून बाबांचा फोन आला तो थेट प्रश्नानेच सुरू झाला. "पोरीच्या फीमधून तिथल्या फुटबॉलच्या मास्तरला आठशे कोटी देतात म्हणे. खरं आहे का?" पोरगी म्हणजे माझी भाची. ती व्हर्जिनियातल्या एका सरकारी विद्यापीठात शिकते आणि तिचा फुटबॉलशी संबंध, शनिवारी सामना असला की ग्रंथालयाजवळ गाडी लावायला जागा मिळत नाही, एवढाच आहे. तरीही तिला तिथून काढून दुसरीकडे घालावे, असे ताईला सुचवण्यापर्यंत बाबांची मजल गेली होती. याच्या मुळाशी 'अमेरिकन शिक्षणाचे विदारक सत्य' या मथळ्याचा एक संदेश होता, जो एव्हाना आमच्या तीन कौटुंबिक गटांत येऊन गेला आहे.

संदेशाचे म्हणणे थोडक्यात असे. लेन किफिन नावाच्या फुटबॉल (अमेरिकन फुटबॉल, आपल्याला ठाऊक असलेला नव्हे) प्रशिक्षकाने ऐन स्पर्धेच्या तोंडावर आपल्या संघाला वाऱ्यावर सोडले आणि आठशे कोटींसाठी दुसरे विद्यापीठ गाठले. हा पैसा विद्यार्थ्यांच्या फीचा असतो. प्रशिक्षक हवा तेव्हा फुकटात निघून जातो आणि खेळाडू मात्र अडकून पडतो. पूर्वीचे प्रशिक्षक असे नव्हते. आणि आपल्याकडे गुरू शिष्याला मध्येच सोडून जात नाही.

आकडा आणि नाव खरे आहे, हे आधी मान्य करतो. ३० नोव्हेंबर २०२५ रोजी किफिन मिसिसिपी विद्यापीठ, म्हणजे तिथल्या बोलीत ओल मिस, सोडून लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटीकडे, म्हणजे एलएसयूकडे गेला. करार सात वर्षांचा आणि वर्षाला सुमारे १.३ कोटी डॉलरचा, म्हणजे एकूण आठशे कोटी रुपयांच्या आसपास आहे. त्याचा संघ तेव्हा अकरा सामने जिंकून आणि एकच हरून राष्ट्रीय प्लेऑफच्या, म्हणजे विजेतेपदासाठीच्या बाद फेऱ्यांच्या, उंबरठ्यावर उभा होता. हा गृहस्थ २०१० मध्ये टेनेसी विद्यापीठातूनही एकाच हंगामानंतर निघून गेला होता, त्यामुळे त्याच्या निष्ठेची वकिली करण्याची माझी मुळीच इच्छा नाही.

मात्र 'वाऱ्यावर सोडले' हे खोटे आहे. प्लेऑफ संपेपर्यंत संघाबरोबर राहण्याची परवानगी किफिनने मागितली होती आणि ती विद्यापीठानेच नाकारली. यात विद्यापीठाचे चुकले असे मी म्हणत नाही, कारण जो माणूस दिवसा आपल्या खेळाडूंना डावपेच शिकवणार आणि रात्री प्रतिस्पर्धी विद्यापीठासाठी नवी मुले फोनवरून गोळा करणार, त्याला घरात ठेवायचे की नाही हा मालकाचा प्रश्न आहे. त्याच बारा संघांच्या प्लेऑफमध्ये आणखी दोन प्रशिक्षक असे होते, ज्यांनी दुसरीकडची नोकरी आधीच पत्करली होती. तुलेन विद्यापीठाचा जॉन समरॉल फ्लोरिडा विद्यापीठाकडे निघाला होता आणि जेम्स मॅडिसन विद्यापीठाचा बॉब चेस्नी कॅलिफोर्नियातल्या यूसीएलएकडे. त्या दोघांना त्यांच्या विद्यापीठांनी थांबू दिले आणि २० डिसेंबरला दोघेही आपापल्या जुन्या संघाच्या बाजूला उभे राहिले. समरॉलच्या तुलेनची गाठ पडली ती नेमकी किफिनने सोडलेल्या ओल मिसशी. ज्यांचा 'गुरू' थांबला होता ते तुलेन ४१-१० ने हरले आणि ज्यांचा पळाला होता ते, पीट गोल्डिंग या बढती मिळालेल्या सहायकाच्या हाताखाली जिंकले. पुढे त्यांनी जॉर्जियालाही हरवले आणि उपांत्य फेरीत मायामीकडून अवघ्या चार गुणांनी हार पत्करली. वाऱ्यावर सोडलेली मुले इतकी लांब गेली असतील, तर तो वारा बरा म्हणायचा.

मग प्रशिक्षक नेमके अशाच वेळी का जातात? याचे उत्तर लोभापेक्षा वेळापत्रकात अधिक सापडते आणि संदेशात त्याविषयी एक अक्षरही नाही. नियमित हंगाम नोव्हेंबरच्या अखेरच्या आठवड्यात संपतो. शाळेतून बाहेर पडणाऱ्या खेळाडूंनी कोणत्या विद्यापीठाकडून खेळायचे त्यावर सही करण्याचा मुख्य दिवस २०२५ मध्ये ३ डिसेंबरला होता. ज्या विद्यापीठाची प्रशिक्षकाची खुर्ची त्या दिवशी रिकामी, त्याचे पुढचे वर्ष निम्मे बुडालेले. प्लेऑफ मात्र डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात सुरू होऊन १९ जानेवारीपर्यंत चालले आणि मधल्या काळात, २ जानेवारीला, संघ बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंसाठीचे ट्रान्सफर पोर्टलही उघडले. म्हणजे नवा प्रशिक्षक हवा असेल तर तो नोव्हेंबर संपता संपताच उचलावा लागतो, त्याचा चालू हंगाम संपलेला असो वा नसो. परीक्षा जानेवारीत आणि प्रवेशाची मुदत डिसेंबरात, अशी ही रचना आहे. ती विद्यापीठांनी आणि त्यांच्या संघटनांनीच केली आहे. वर्षानुवर्षे तीच विद्यापीठे एकमेकांचे प्रशिक्षक पळवतात आणि ज्याचा गेला तो आठवडाभर निष्ठेच्या नावाने गळा काढून पुढच्या आठवड्यात दुसऱ्याचा उचलतो. जानेवारी २०२४ मध्ये अलाबामा विद्यापीठाचा प्रशिक्षक निक सेबन निवृत्त झाला तेव्हा अलाबामाने वॉशिंग्टनचा केलन डीबोअर नेला, वॉशिंग्टनने ॲरिझोनाचा जेड फिश, ॲरिझोनाने सॅन होजे स्टेटचा ब्रेंट ब्रेनन. यांतल्या नेमक्या कोणाला गद्दार म्हणायचे, हे संदेशकर्त्याने एकदा सांगावे.

'फुकटात जातो' या मुद्द्यावर फार वेळ घालवण्याची गरज नाही. मुदतीआधी सोडल्यास किती रक्कम भरायची हे करारात लिहिलेले असते, तिला बायआउट म्हणतात आणि ती बहुधा नेणारे विद्यापीठच भरते. डीबोअरसाठी ती सुमारे १.२ कोटी डॉलर होती.

खेळाडू अडकून पडतो, हे एके काळी खरे होते. विद्यापीठ बदलले तर त्याला वर्षभर बाहेर बसावे लागे आणि प्रशिक्षकाला मात्र असा कोणताही नियम नव्हता. हा अन्याय होता व त्यावर पुष्कळ ओरडही झाली. पण २०२१ पासून एकदा आणि २०२४ पासून कितीही वेळा, अभ्यासाच्या अटी पाळून, खेळाडू लगेच दुसरीकडे खेळू शकतो. कर्ट सिग्नेटी २०२३ च्या अखेरीस जेम्स मॅडिसन सोडून इंडियानाला गेला तेव्हा डझनभराहून अधिक खेळाडू त्याच्यामागे गेले आणि दोन वर्षांनी इंडियाना एकही सामना न हरता राष्ट्रीय विजेते झाले. संदेश लिहिणारा किमान पाच वर्षे मागे आहे.

आता फीचा मुद्दा, ज्यामुळे बाबांची झोप उडाली. येथे अंदाजपंचे बोलण्याचे कारण नाही, कारण नाइट-न्यूहाउस यांची कॉलेज क्रीडाखर्चाची माहितीसूची कोणालाही पाहता येते आणि तीत वरच्या श्रेणीत खेळणाऱ्या सरकारी विद्यापीठांच्या क्रीडा विभागांचा पैसा कुठून येतो हे स्रोतवार दिलेले आहे. एलएसयूचा क्रीडा विभाग विद्यार्थ्यांची फी घेत नाही. तो दूरचित्रवाणीचे हक्क, तिकिटे आणि श्रीमंत देणगीदार यांच्यावर चालतो. म्हणजे ज्या आठशे कोटींवर हा संदेश उभा आहे, त्यांत फीचा पैसा नाही.

पण त्याच सूचीत बाबांची बाजू अर्धी खरी ठरवणारेही आहे आणि ते लपवले तर मीही संदेशकर्त्याच्याच रांगेत बसेन. भाचीच्याच राज्यातल्या जेम्स मॅडिसन विद्यापीठाच्या क्रीडा विभागाच्या उत्पन्नात सर्वांत मोठा वाटा विद्यार्थ्यांच्या फीचाच आहे आणि लहान-मध्यम विद्यापीठांत हे सर्रास आढळते. तिथले प्रशिक्षक आठशे कोटींच्या आसपासही नसतात, पण फी भरणाऱ्याला तो काय दिलासा? शिवाय खरी उधळपट्टी कोणी सोडून जाण्यात नसून काढून टाकण्यात होते. किफिनच्या आधीच्या ब्रायन केलीला एलएसयूने ऑक्टोबर २०२५ मध्ये काढले तेव्हा करारानुसार त्याचे देणे सुमारे ५.४ कोटी डॉलर निघत होते. टेक्सस ए अँड एमने २०२३ मध्ये जिम्बो फिशरला घरी बसवले ते साडेसात कोटी डॉलरांहून अधिक कबूल करून. उलट पेन स्टेटने काढलेल्या जेम्स फ्रँकलिनला व्हर्जिनिया टेकने लगेच नोकरी दिली, म्हणून त्याचे जवळपास ४.९ कोटी डॉलरांचे देणे ९० लाख डॉलरांवर मिटले. प्रशिक्षक लवकर दुसरीकडे गेला तर पैसा वाचतो, हे संदेशाच्या बरोबर उलट आहे.

पूर्वीच्या निष्ठेविषयी काय बोलावे? ज्याच्या नावाने या खेळातला सर्वांत मोठा पुरस्कार दिला जातो, त्या जॉन हाइसमनने आयुष्यात आठ कॉलेजे केली. त्याच काळातला दुसरा नामवंत प्रशिक्षक पॉप वॉर्नर तर १८९५ मध्ये जॉर्जिया आणि आयोवा इथल्या दोन संघांचा प्रशिक्षक एकाच वेळी होता.

राहिली आपली गुरुपरंपरा. आचरेकर सरांनी सचिनला शारदाश्रमात घालायला सांगितले, म्हणजे चांगल्या प्रशिक्षकासाठी शाळा बदलणे आपल्यालाही ठाऊक आहे. आणि बाबा स्वतः क्रीडाशिक्षक म्हणून निवृत्त झाले. त्यांच्या संस्थेने त्यांची चार वेळा बदली केली. त्यांपैकी एक बदली तालुक्याच्या खो-खो स्पर्धेला नऊ दिवस असताना आली होती. आदेशाचा कागद त्यांनी मैदानावर, खांबाशी उभे राहून वाचला आणि शिट्टी दुसऱ्या शिक्षकाच्या हातात दिली, हे आईने आम्हाला कितीदा तरी सांगितले आहे. मी फोनवर त्याची आठवण करून दिली तेव्हा ते म्हणाले, "ते वेगळं. मला कुणी विचारलं होतं?" मग थोड्या वेळाने, त्या वर्षीचा संघ उपांत्य फेरीत हरला होता आणि त्यांना ते नव्या शाळेत, पोस्टकार्डावर कळले होते, असे त्यांनी स्वतःहून सांगितले.