चार तास उपाशी या, बस्स!

आज बाबांची सीटी अँजिओग्राफी (शिरेत डाय, म्हणजे रंगद्रव्य, सोडून हृदयाच्या धमन्यांचे फोटो काढतात ती) होती. होती म्हणजे, झाली नाही.

फोनवर सेंटरवाल्या बाईंनी एवढंच सांगितलं, "चार तास उपाशी या." बाबा पडले शिस्तीचे. दहाची वेळ, म्हणून पहाटे साडेपाचला चहा-बिस्किटं उरकली आणि मग फक्त पाणी. नंबर लागला साडेबाराला! आत टेक्निशियन विचारतो, "चहा घेतलात? कालपासून बंद ठेवायचा असतो, सांगितलं नाही?" अरे, सांगायचं कोणी होतं? शेजारच्या काकूंनी?

चहाने नाडी वाढते, आणि बाबांची पल्स ९२. यांना हवी साठच्या आसपास, कारण हृदय भराभर हललं की फोटो फिसकटतो. मान्य. मग नाडी उतरवायला मेटोप्रोलॉल देतात, त्याबद्दल आधी चकार शब्द काढायला काय झालं होतं? वर म्हणे, "क्रिएटिनिनचा रिपोर्ट कुठंय?" म्हणजे किडनीची रक्ततपासणी. डाय किडनीवाटे बाहेर पडते, बाबा सत्तरीतले, त्यात डायबेटिस. रिपोर्ट लागणारच, तेही पटतं हो मला! पण ते हाताला सुई टोचून झाल्यावर आठवतं? मधुमेही माणूस सात तास उपाशी बसलाय, कपाळावर घाम, हात थरथरतायत, आणि हे "रिस्केड्यूल करू या." मुकाट्याने पर्समधली ग्लुकोजची पुडी काढून पाजली.

काउंटरवरची मुलगी तर थोर. "कॅल्शियम स्कोअर तरी करून जा ना, त्याला डाय लागत नाही." म्हणजे जेवण संपलंय, बडीशेप खाऊन जा! अगं, त्यात धमनीत साचलेलं कॅल्शियम मोजतात. बाबांना जिना चढताना छातीत दडपतं, डॉक्टरांना नळी कुठे नि किती अरुंद झालीय ते बघायचंय. कॅल्शियम न धरलेला मऊ थर त्या स्कोअरात येतच नाही. पण पॅकेज खपवायचंय ना.

आणि हे सगळं कशासाठी, तर श्वास रोखून काही सेकंदांत उरकणाऱ्या स्कॅनसाठी. धमनीत तार घालणं नाही, भूल नाही, म्हणून आठवडाभर आत्याची समजूत घालत होते मी. आता तिला काय सांगू, चहा नडला म्हणून?

गुरुवारची नवी वेळ दिलीय. चिठ्ठी घरी येऊन उघडली. लिहिलंय, "४ तास उपाशी."