पुण्य तुकाच रवांदे

आज कुडाळच्या बाजारात डोकं फिरलं, ते अजून ठिकाणावर आलेलं नाही. चतुर्थी तोंडावर आलीय, पूजेच्या सामानाच्या दुकानात उभं राहायला जागा नव्हती. माझ्या पुढचे गृहस्थ अगरबत्तीचा पुडा उलटसुलट करून विचारत होते, "यात बांबूची काडी नाही ना? बांबू जाळणं शास्त्रात बसत नाही." मग, "चायनाची तर नाही?" मग, "केमिकल किती?" सगळी उत्तरं मनासारखी मिळाल्यावर त्यांनी घासाघीस करकरून डझनावर दोन पुडे फुकट मिळवले आणि समाधानाने निघाले. दुकानात एवढी माणसं होती, पण ही बत्ती वळणाऱ्या बाईच्या हातात काय पडलं, हे विचारावंसं कुणालाही वाटलं नाही.

माझ्या डोळ्यांसमोर माझी मावशी आली. 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार, त्यात आपल्या कोकणातले किती होते ते आपल्या प्रत्येक वाडीला ठाऊक आहे. काका त्यातलेच. संप काही रीतसर मिटला नाही, नोकरी गेली आणि परळच्या त्या दहा बाय बाराच्या खोलीत अगरबत्तीचं काम आलं. मी तेव्हा शिकायला तिच्याकडे होते, म्हणून सगळं बघितलंय. कोळशाची पूड, लाकडाचा भुसा आणि जिगट, म्हणजे झाडाच्या सालीची चिकट पूड, पाण्यात मळून काळा गोळा करायचा. पाटावर काडी ठेवायची, चिमूटभर गोळा लावायचा आणि तळहाताने एका दमात सरकवत न्यायची. दर हजाराचा. वाकडी झाली, जाड झाली, टोकाला फुटली की बाद, आणि बाद मालाचे पैसे कापले जायचे. पावसात बत्त्या वाळायच्या नाहीत, मग खाटेखाली वर्तमानपत्रावर पसरून आम्ही कोपऱ्यात पाय दुमडून झोपायचो. आणि त्या बत्त्यांना वास नसायचा! वास नंतर कारखान्यात लागायचा. आमच्या खोलीत राहायची ती फक्त कोळशाची धूळ. मावशीच्या तळहातावरच्या रेषा काळ्याच राहिल्या, लग्नाकार्यात हळदीकुंकवाला हात पुढे करायला लाजायची ती.

एकदा तिने माल न्यायला येणाऱ्या माणसाकडे दर वाढवून मागितला. तो हसून म्हणाला, "मावशी, देवाचं काम आहे, पुण्य लागेल." मावशीने मान वर न करता सांगितलं, "पुण्य तुकाच रवांदे, माका पैशे दी."

दर काही वाढला नाही. पण आज त्या दुकानात मला हेच वाक्य मोठ्याने म्हणावंसं वाटलं.

आता कुणीतरी खाली येऊन लिहील की ताई, जमाना बदलला, आता मशिनं आली. मान्य, पुष्कळ काम मशिनवर गेलं. पण म्हणून हाताने वळणाऱ्या बायका संपल्या का? आणि मशिनवर बसते तीही बाईच, तिलाही नगावरच पैसे. सरकारने 2019 साली परदेशी अगरबत्तीच्या आयातीवर निर्बंध घातले, 2020 मध्ये बांबूच्या काड्यांवरचं आयात शुल्क 25 टक्के केलं. चांगलंच केलं. स्वदेशी म्हणून आपण टाळ्या वाजवल्या. पण व्हिएतनामचा माल अडला म्हणून इथल्या बाईचा दर आपोआप वाढतो का? 1948 च्या किमान वेतन कायद्यात नगावरच्या कामालाही किमान दर ठरवायची सोय होती. चाळीतल्या खोलीत येऊन तो दर कोण तपासणार होतं? घरी बसून काम करणाऱ्यांसाठी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने 1996 साली वेगळा करार केला, त्याला आपल्या देशाने मान्यताच दिलेली नाही. कागदावर मावशी कामगारच नव्हती. "घरबसल्या चार पैसे मिळवणारी बाई", बस्स.

आणि अगरबत्तीवर थांबू नका. घरातली समई, घंटा, निरांजन बघा, बरंचसं पितळ मुरादाबादहून येतं. तिथे गल्लीबोळात घरातच भट्ट्या, पितळ ओतताना निघणारा धूर, घासताना उडणारी धूळ, सगळं तिथेच राहणाऱ्यांच्या छातीत. लहान पोरं या धंद्यात राबवली गेली हे जगजाहीर आहे. ती समई आपण चिंच लावून लख्ख करतो, सोवळ्यात लावतो. विटाळ चालत नाही आपल्याला! पोराच्या फुफ्फुसातली धूळ मात्र चालते. रागाने लिहितेय, माहीत आहे मला. पण सोवळ्याची एवढी चाड असलेल्या माणसांना हे अपवित्र वाटत नसेल, तर मग अपवित्र म्हणतात तरी कशाला?

घेणंच बंद करा असं मी म्हणत नाहीय. मावशीकडचं ते काम गेलं असतं तर चूल विझली असती, हे मला कुणी शिकवायला नको. महागाचं घेणं प्रत्येकाला परवडत नाही, तेही खरं. पण आपल्यातले ज्यांना परवडतं ते काय करतात? मखराच्या लायटिंगवर हजारो जातात, देवळाच्या फरशीवर नाव कोरून घ्यायला पावती फाडतात, आणि वातीच्या पाकिटावर दोन रुपयांसाठी हुज्जत.

आपल्याकडे हे असं नव्हतं हो. गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्ती घडवतात तिथे, पाट नेऊन ठेवायचा, आणायला जाताना नारळ, विडा आणि पैसे. मूर्तीचा भाव करायची रीतच नव्हती. मूर्ती कुणी केली, त्याच्या घरी काय चाललंय, सगळं गावाला माहीत. त्या शाळेतही पोरं रात्र रात्र चहाभज्यांवर जागायची, सगळं न्यायाचंच होतं असं नाही. पण राबणारा माणूस डोळ्यांसमोर तरी होता. आता टेम्पोतून रंगवलेल्या मूर्ती उतरतात, आणि शाळेतल्या मातीच्या मूर्तीकडे बोट दाखवून "तिकडे अर्ध्या किमतीत मिळते" म्हणायची हिंमत आपल्याला होते.

मावशी शेवटपर्यंत चतुर्थीला गावी येत राहिली. ओवरीत बसून वाती वळायची, पण अगरबत्ती लावायला पुढे व्हायची नाही. आम्हीही कधी आग्रह केला नाही.

तेव्हा मी माझ्यापुरतं काय करते ते सांगते. अगरबत्तीचा जुडगाच्या जुडगा पेटवणं आमच्या घरात बंद आहे, एक पुरते. वाती आणि धूप बचत गटाकडून घेते आणि बाईला किती सुटतात ते विचारूनच घेते. दुकानदार वैतागतो, वैतागू दे. चार गिऱ्हाइकांनी रोज विचारलं तर तोही वरच्या व्यापाऱ्याला विचारील.

आणि परवापासून रस्त्याकडेला माटवीचं, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या रानफळाफुलांचं, सामान घेऊन बायका बसतील. कवंडाळं, हरणं, शेरवाडं, सुपारीचे कातरे. त्यासाठी त्या पहाटे उठून काट्याकुट्यात रान फिरलेल्या असतात. त्या सांगतील तो भाव द्या. उरलेली पेंडी "तशीच टाक गो पिशवीत" म्हणून मागू नका.

कुडाळ, सावंतवाडी, कणकवली, मालवण, कुठल्याही बाजूला हाताने वाती, धूप, वस्त्रमाळा करणाऱ्या बायका ओळखीच्या असतील तर त्यांच्या गावाचं नाव खाली लिहा. शेकडा काय दर मिळतो तेही त्यांना विचारून लिहा. चतुर्थीच्या आधी यादी करून मी सगळ्यांना पाठवते.