ई. कोलायच्या कारभाराला शिस्त कशी लावावी?

आपल्या आतड्यात सुखाने नांदणाऱ्या ई. कोलाय या जिवाणूच्या कारभारात सुधारणा सुचवण्याचे काम आपल्याकडे आले, तर सर्वप्रथम त्याच्या रायबोसोम विभागाची नस्ती मागवावी. ती मिळणार नाही, कारण ती कधी ठेवलेलीच नाही. आपल्या पहिल्या ताशेऱ्याची सोय तिथेच होईल. प्रथिने घडवणारे हे यंत्र तीन आरएनए (जनुकांवरून उतरवलेले रेणू) आणि पन्नासहून अधिक प्रथिने जुळवून उभे राहते, जिवाणू भरभर वाढत असताना एकेका पेशीत अशी हजारो यंत्रे लागतात, आणि अन्नपाणी उत्तम असेल तर वीस मिनिटांत एकाच्या दोन पेशी व्हायच्या असतात. एवढ्या उलाढालीवर एकही पर्यवेक्षक नेमलेला नाही, हे कळल्यावर कोणत्याही जबाबदार प्रशासकाची झोप उडावी.

चौकशीत आणखी गंभीर बाब उघड होईल, ती अशी की माल जास्त झाल्याची वर्दी देण्याचे काम मालावरच सोपवलेले आहे. रायबोसोमचेच एल-१ हे प्रथिन पाहा. त्याची नेमणूक रायबोसोमच्या तीन आरएनएंपैकी २३एस नावाच्या आरएनएवरील एका ठरलेल्या जागी असते, आणि तशी जागा रिकामी मिळत असेपर्यंत ते निमूटपणे तेथे रुजू होते. जागा संपल्या की उरलेले एल-१ स्वतःच्याच उत्पादनाचा हुकूम वाहणाऱ्या संदेशवाहक आरएनएवर जाऊन बसते, कारण त्या आरएनएच्या सुरुवातीची घडी बरीचशी त्या मूळ जागेसारखी असते. तेथे ते बसले की रायबोसोमला वाचन सुरू करता येत नाही, आणि त्याच हुकमात नाव असलेल्या एल-११ या दुसऱ्या प्रथिनाचेही काम थांबते. पुण्यात भाऊसाहेबांच्या तोतयाची काय गत झाली हे आपण जाणतो. येथे मात्र तोतयाला रीतसर पद दिलेले आहे. अस्सल जागेवरची पकड घट्ट आणि तोतयावरची सैल, म्हणून अस्सलाचा मान आधी राखला जातो, असा खुलासा जीवरसायनतज्ज्ञ करतील. तो दाखल करून घ्यावा, मान्य करू नये.

हितसंबंधांचा मुद्दाही सोडू नये. रायबोसोमच्या प्रथिनांपैकी एस-४, एस-७, एस-८ हे सारे आपापल्या जनुकसमूहातले कामगार आणि त्याच समूहाचे लेखापरीक्षकही आहेत. एल-४ तर अकरा जनुकांचा हुकूम वाचू देत नाहीच, शिवाय तो पूर्ण लिहूही देत नाही.

यावर उपाय म्हणून एक समन्वय समिती नेमावी. संदेशवाहक आरएनएचे आयुष्य बहुधा काही मिनिटांचेच असते, त्यामुळे गणपूर्ती होईपर्यंत विषय आपोआप निकाली निघालेला असेल. इतिवृत्तात ती समितीची कार्यक्षमता म्हणून नोंदवावी.

अर्थसाहाय्याच्या बाबतीत हा जिवाणू विशेष उद्दाम आहे. विस्कॉन्सिन विद्यापीठात मासायासु नोमुरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याला या प्रथिनांच्या जनुकांच्या जादा प्रती देऊन पाहिल्या. १९७९ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की हुकूम वाढले, पण प्रथिनांचे उत्पादन त्या प्रमाणात वाढले नाही. वाढीव तरतूद करूनही उत्पादन न वाढणे आपल्याला नवे नाही. परंतु गरज नाही म्हणून ते वाढवायचे नाही, हा विचार मार्चअखेर जवळ आलेल्या कोणत्याही कार्यालयाला धक्कादायक वाटेल.

कौतुक करायचेच असेल, तर ते एस-१५चे करावे. त्याच्या संदेशवाहक आरएनएला स्यूडोनॉट नावाचा पीळ पडतो. रायबोसोमचा लहान उपघटक त्यावर येऊन बसतो, जादा झालेले एस-१५ तो पीळ पक्का करते, आणि उपघटक जागच्या जागी अडकतो: हजेरी लागते, काम सुरू होत नाही. संपूर्ण पाहणीत आपल्याला ओळखीची वाटेल अशी हीच एक कार्यपद्धती आहे.

दुर्दैवाने तीही सर्वत्र सारखी नाही. गरम पाण्याच्या झऱ्यांत राहणाऱ्या थर्मस थर्मोफिलस या जिवाणूमध्ये हेच एस-१५ निराळ्या, तीन फाट्यांच्या घडीला धरते आणि रायबोसोमला जवळच फिरकू देत नाही. अशी मनमानी थांबवण्यासाठी घडीचा एकच नमुना विहित करून तो सर्व जिवाणूंना बंधनकारक करावा, आणि अनुपालन अहवाल वीस मिनिटांच्या आत मागवावा. त्यानंतर खुलासा दोहोंपैकी नेमक्या कोणत्या पेशीकडून घ्यायचा, यासाठी स्वतंत्र उपसमिती लागेल.