लठ्ठ गाईच्या चरबीविषयीची पाच विधाने

गाई पाळणाऱ्यांमध्ये वारंवार पुढे पाठवल्या जाणाऱ्या एका संदेशात पाच विधाने असतात. चरबी म्हणजे बँकेतील ठेव, ती अंगावर निमूट पडून असते. विण्यापूर्वी गाय जितकी लठ्ठ, तितके पुढचे दूध पक्के. लठ्ठपणातून होणारा दाह (रोगप्रतिकारक पेशींची सूज आणणारी प्रतिक्रिया) माणसांचा आणि प्रयोगशाळेतील उंदरांचा, गुरांचा नव्हे. पेशींना वार्धक्य येते, म्हणजे त्यांचे विभाजन कायमचे थांबते, ते म्हातारपणी, तेव्हा दुसऱ्या-तिसऱ्या वेताच्या गाईबाबत त्याची चर्चाच फोल. आणि गाय फारच सुटली असेल, तर भाकड काळात, म्हणजे दूध आटवल्यापासून विण्यापर्यंत, खुराक तोडून तिला बारीक करता येते. यांपैकी तिसऱ्या विधानात काही तथ्य आहे, म्हणून त्याला अधिक जागा द्यावी लागेल. बाकीची चार टिकणारी नाहीत.

चरबी निमूट पडून असते, हे मत 1990च्या दशकातच मागे पडले. लठ्ठ उंदरांच्या चरबीत टीएनएफ-अल्फा हा दाहकारक रेणू तयार होतो, हे 1993 मध्ये दिसले आणि 1994 मध्ये लेप्टिन या मेदपेशींतून स्रवणाऱ्या संप्रेरकाचा शोध लागला. गाईची चरबीही लेप्टिन स्रवते आणि अंगावर मेद वाढला की रक्तातील त्याचे प्रमाणही वाढते. किंबहुना रवंथ करणाऱ्या जनावरांत चरबीच्या ऊतकावर कामाचा बोजा अधिकच असतो, कारण कोटीपोटात (पोटाच्या पहिल्या कप्प्यात) चारा आंबून तयार होणाऱ्या अ‍ॅसिटेटपासून नवा मेद घडवण्याचे काम त्यांच्यात मुख्यतः यकृतात होत नाही, ते चरबीतच होते. गाईचे वजन स्थिर असतानाही तेथे एकीकडे मेद विघटित होत असतो आणि दुसरीकडे नव्याने बांधला जात असतो.

दुसऱ्या विधानाची फोड करताना एवढे मान्य केलेच पाहिजे की गाईला साठा लागतो. हाडे दिसू लागलेली गाय व्याली तर दूधही कमी देते आणि पुन्हा गाभण राहायलाही वेळ घेते. परंतु साठा हवा, यावरून जितका अधिक तितका चांगला, असे निघत नाही. शरीरस्थितीला 1 ते 5 गुण देण्याच्या प्रचलित पद्धतीत दुभत्या गाईला विण्याच्या वेळी साधारण 3 ते 3.5 गुण योग्य मानतात. 4 किंवा त्यापुढचे गुण म्हणजे अतिरिक्त मेद. हे हातालाही कळते: कमरेवरील आडव्या हाडांची टोके दाबल्याशिवाय वेगवेगळी लागत नाहीत आणि शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंना मऊ गाद्या भरलेल्या असतात. अशी गाय विण्याच्या सुमारास इतर गाईंपेक्षा कमी खाते आणि म्हणूनच अंगावरील मेद अधिक वेगाने मोकळा करते. तो मेद यकृताकडे जातो, पण रवंथ करणाऱ्या जनावरांचे यकृत आलेला मेद पुन्हा बाहेर पाठवण्यात मंद असते, त्यामुळे तो तेथेच साचतो आणि रक्तात कीटोन, म्हणजे मेदाच्या अर्धवट विघटनातून बनणारी द्रव्ये, वाढतात. त्यांपैकी बीटा-हायड्रॉक्सीब्युटिरेट रक्तात प्रति लिटर 1.2 मिलिमोलच्या पुढे गेले की बाह्य लक्षणे नसली तरी त्याला सुप्त किटोसिस म्हणतात. अतिलठ्ठ गाईंमध्ये विण्यानंतर दुग्धज्वर, किटोसिस, जार अडकणे, पोटाचा चौथा कप्पा सरकणे आणि कासदाह असे विकार एकत्र येण्याला ‘लठ्ठ गाय लक्षणसमूह’ म्हणून 1976 मध्येच मांडले गेले होते. दुधाची हमी देणाऱ्या संदेशात याचा मागमूसही नसावा, याचे नवल वाटते.

आता दाहाकडे वळू. लठ्ठ उंदरांच्या व माणसांच्या चरबीत मॅक्रोफेज या भक्षक पेशींची गर्दी होते, हे 2003 मध्ये स्पष्ट झाले. सूक्ष्मदर्शकाखाली मृत मेदपेशीभोवती या पेशींचे कडे दिसते. निरोगी गाईच्या त्वचेखालील चरबीत मात्र अशी कडी विरळाच आढळतात आणि मॅक्रोफेजही तुलनेने थोडेच असतात. संदेशातील तथ्य ते एवढेच. त्यावरून गुरांना दाहच होत नाही, असा निष्कर्ष काढता येत नाही, कारण चौथा कप्पा सरकलेल्या गाईंच्या चरबीत मॅक्रोफेज शिरलेले आढळले आहेत, आणि तेही त्वचेखालच्या चरबीपेक्षा पोटातील आतड्यांवरच्या चरबीत अधिक. नमुना बहुधा शेपटीच्या मुळाजवळून घेतला जातो, कारण तो जिवंत गाईपासून सहज घेता येतो. तेथे काही दिसले नाही म्हणून पोटातही काही नाही, असे मानणे चूक आहे.

दाह सुरू होण्याची कारणेही समजून घेण्यासारखी आहेत. मेदपेशी फुगत गेल्या की त्यांना प्राणवायू कमी पडतो, ताण आलेल्या पेशी भक्षक पेशींना बोलावणारे रेणू सोडतात आणि मोकळी झालेली संपृक्त मेदाम्ले दाहाचे संदेशमार्ग चेतवतात. यातून निघालेला टीएनएफ-अल्फा इन्सुलिनचा प्रभाव कमी करतो. इन्सुलिनचा लगाम सैल झाला की मेद आणखी वेगाने विघटित होतो. मात्र येथे उलट बाजूची अतिशयोक्तीही टाळली पाहिजे. विण्याच्या सुमारास इन्सुलिनचा प्रभाव काही अंशी कमी होणे हे गाईत स्वाभाविक आहे, कारण त्यामुळे ग्लुकोज कासेकडे वळते. तसेच चरबीत शिरलेले सर्वच मॅक्रोफेज अपायकारक नसतात, काही मोडतोड आवरण्याचेही काम करतात. बिघाड होतो तो दाह वेळेत शमला नाही तर. गाईला माणसासारखा मधुमेह होतो, असे सांगणारे संदेशही फिरतात. तेही तितकेच निराधार.

चौथ्या विधानात वय आणि पेशींचे वार्धक्य यांची गल्लत आहे. 1961 मध्ये हेफ्लिक आणि मूरहेड यांनी दाखवले की प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी पेशी ठरावीक विभाजनांनंतर थांबतात. परंतु हा वार्धक्याचा एकच मार्ग आहे. डीएनएला इजा झाली किंवा ऑक्सिडीकरणाचा ताण वाढला, तरी पी16 आणि पी21 ही प्रथिने पेशीचे विभाजन रोखतात, मग प्राण्याचे वय काहीही असो. अशी पेशी मरत नाही. ती इंटरल्युकिन-6सारखे दाहकारक रेणू सोडत राहते. अतिआहार घेणाऱ्या उंदरांच्या चरबीत वार्धक्यासारखे बदल होतात आणि त्यात पी53 या प्रथिनाचा हात असतो, हे 2009 मध्ये दाखवले गेले. या प्रथिनांचे मार्ग गाईच्या पेशींतही आहेत आणि गाईच्या पेशी प्रयोगशाळेत वाढवल्या तर त्याही वार्धक्याला पोहोचतात. वार्धक्य मेदपेशींच्या पूर्वज पेशींना आले, तर नव्या मेदपेशी कमी घडतात आणि येणारा मेद जुन्यांनाच सामावून घ्यावा लागतो. त्या अधिक फुगतात आणि वर सांगितलेला दाह बळावतो.

वार्धक्य ओळखण्याची एक लोकप्रिय खूण म्हणजे पीएच 6 वर बीटा-गॅलॅक्टोसिडेज विकराने उमटणारा निळा रंग, पण काही मॅक्रोफेजही तशाच निळ्या होतात. दाह असलेल्या चरबीचा निळा नमुना दाखवून ‘पाहा, म्हातारी चरबी’ असे म्हणणे त्यामुळे पुरेसे नाही. त्याच्या जोडीला पी16, पी21 आणि डीएनए-इजेच्या खुणाही तपासाव्या लागतात.

पाचवे विधान थोडक्यात निकालात निघते, पण अपाय त्याचाच सर्वाधिक. भाकड काळ हा गर्भ झपाट्याने वाढण्याचा काळ. तेव्हा खुराक तोडला की मेद विण्याआधीच मोकळा होऊ लागतो आणि यकृतात साचण्याची प्रक्रिया उलट लवकर सुरू होते. शरीरस्थिती दुरुस्त करायची ती वेताच्या उत्तरार्धात, गाय दुधात असतानाच. आटवल्यापासून विण्यापर्यंत ती स्थिर ठेवायची. बहुतेक गाई लठ्ठ होतात त्याही याच उत्तरार्धात. गाभण राहायला उशीर झालेल्या गाईचे वेत लांबते, दूध घटते, खुराक मात्र भर दुधाच्या काळातलाच चालू राहतो.