मूळ फाईल द्या की ओ!

स्कॅन केलेली पीडीएफ पाठवायची आणि वर म्हणायचं, "यातले फक्त नंबर आणि पत्ते काढून द्या, पाच मिनिटांचं तर काम आहे." असं म्हणणाऱ्या प्रत्येकाला सांगलीच्या विश्रामबागेतल्या आमच्या ऑफिसात आणून बसवावंसं वाटतं. बसा इथं आणि काढा!

परवा आलेली यादीच घ्या. एका संस्थेच्या सभासदांची. नाव, गाव, मोबाईल, ईमेल. ही यादी एक्सेलमध्ये केलेली होती, हे रकाने बघून शेंबडं पोरही सांगेल. मग तिची प्रिंट काढली, सही केली, शिक्का मारला, कागद तिरका ठेवून स्कॅन केला आणि ते दिलं आम्हाला. मूळ फाईल मागितली तर उत्तर काय, "हीच मूळ आहे." कसली मूळ? तुमच्याच कॉम्प्युटरवर नीट टाईप केलेला मजकूर तुम्हीच फोटो करून टाकला आणि आता त्या फोटोतून आम्ही एकेक आकडा उकरायचा?

शिक्का तर बरोब्बर नंबरांवर. त्यात निम्मे आकडे मराठी, निम्मे इंग्रजी, एकाच पानावर. ओसीआरला, म्हणजे फोटोतली अक्षरं वाचणाऱ्या प्रोग्रामला, मराठी एक आणि इंग्रजी नाईन सारखेच दिसतात. आपल्याकडचा मोबाईल नंबर ६, ७, ८ किंवा ९ नेच सुरू होतो, त्यामुळं पहिला आकडा चुकला तर निदान बऱ्याचदा पकडता तरी येतो. मधला चुकला की संपलं. दहा आकडे भरतात, सगळ्या तपासण्या पास होतात आणि फोन भलत्याच माणसाला लागतो. आधारच्या नंबरात शेवटचा आकडा पडताळणीसाठी असतो, एक आकडा बदलला तरी चूक उघडी पडते. मोबाईल नंबरात तसली काही सोय नाही.

लिहिण्याच्या तऱ्हा तर विचारूच नका. पूर्ण नंबर, पुढं तिरकी रेघ आणि नुसतं ४५. म्हणजे दुसरा नंबर तोच, फक्त शेवटचे दोन आकडे ४५. माणसाला कळतं हो. प्रोग्रामनं रेघ काढली की उरतात बारा आकडे. सुरुवातीला देशाचा कोड ९१ लावलेला मोबाईलही बारा आकड्यांचा आणि आधारही बाराच. ओळखायचं कसं? लँडलाईनला सांगलीचा कोड ०२३३, पण एक्सेलनं सुरुवातीचं शून्य कधीच खाल्लेलं असतं. व्हॉट्सॲपवरून उचललेल्या नंबराच्या आगंमागं न दिसणारी चिन्हं चिकटून येतात. स्क्रीनवर दोन नंबर हुबेहूब सारखे, पण प्रोग्राम म्हणतो वेगळे.

आणि "स्कॅन नाही हो, चांगली पीडीएफ आहे" म्हणणाऱ्यांचं वेगळंच. पीडीएफमध्ये बहुतेक वेळा रकाना, ओळ असलं काही नसतंच. कुठलं अक्षर पानावर कुठं छापायचं एवढंच असतं. एखाद्याचा पत्ता दोन ओळींत गेला की खालचं सगळं सरकतं. कवठेमहांकाळच्या माणसाचा नंबर तासगावच्या नावापुढं जाऊन बसतो. त्यात फॉन्ट जुना असला तर कॉपी केल्यावर नावांच्या जागी इंग्रजी अक्षरांचा नुसता कचरा. युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर अक्षरं तीच राहतात त्या पद्धतीत, देवनागरी १९९१ पासून आहे. अजून किती वर्षं थांबायचं?

"एआयला टाका, काढतंय की" हे आता नवीन. टाकून बघितलं. शिक्क्याखाली जे आकडे दिसतच नव्हते तिथं त्यानं स्वतःच्या मनानं आकडे भरले! रिकामं सोडलं असतं तर निदान कळलं तरी असतं.

एवढा संताप का, तर ही यादी लग्नपत्रिका वाटायला नव्हती. पावसाळ्यात कृष्णेचं पाणी वाढायला लागलं की नदीकाठच्या सभासदांना मेसेज जावा म्हणून होती. आयर्विन पुलाजवळ ४५ फुटांवर धोका पातळी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी त्याच्याही कितीतरी वर गेलं, ते सांगलीवाडी-भिलवडीच्या लोकांनी भोगलंय. गोठ्यातली जनावरं सोडायची, म्हातारी माणसं हलवायची, त्यात दोन तास आधी कळणं आणि न कळणं यात किती फरक पडतो ते त्यांना विचारा. आणि तो मेसेज एका चुकलेल्या आकड्यामुळं नदीपासून लांब जतला कुणाच्या तरी फोनवर जाऊन पडणार? कशासाठी, तर यादीवर शिक्का पाहिजे म्हणून?

शिक्का वेगळ्या पत्रावर मारा. एक्सेल फाईल आहे तशी पाठवा. नंबरचा रकाना टेक्स्ट करा, एका चौकटीत एकच नंबर, दुसरा असला तर पुढच्या रकान्यात पूर्ण लिहा. शिक्क्याखाली गेलेले नंबर मी अंदाजानं भरणार नाही. त्या चौकटी रिकाम्याच परत येतील आणि त्या तुम्हीच, एकेकाला विचारून, भरून द्यायच्या. पावसाच्या आधी.